पार्श्वभूमी : मोटारीतला आवाज आणि ‘साउंडप्रूफिंग’ नावाचा घोळ

मोटारी उघड्या होत्या तोवर आतल्या आवाजाची तक्रार करायला ‘आत’ असं काही नव्हतंच. 1920च्या दशकात बंद केबिन रूढ झाली आणि पत्र्याची पेटी ढोलासारखी घुमते हे कळलं. त्यावर फेल्ट आणि डांबरी शीट हे उपाय आले. पुढे स्वतंत्र चासी (बॉडीखालचा सांगाडा) जाऊन एकसंध बॉडी आली, तशी रस्त्याची थरथर फ्लोअरपर्यंत पोचायला आणखी सोपी वाट मिळाली.

खरा गोंधळ शब्दाचा आहे. ‘साउंडप्रूफिंग’ म्हणून जे विकलं जातं त्यात तीन निराळी कामं कोंबलेली असतात : पत्र्याची थरथर मारणं, आवाज अडवणं आणि आवाज शोषणं. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, शीट यातलं पहिलंच काम करते. पत्रा आणि पापुद्रा यांच्यामध्ये चिकट रबर ताणलं जातं आणि कंपनाची उष्णता होते. या रचनेचं गणित 1959 मध्येच मांडलं गेलं. त्यासाठी दाराचा इंच न् इंच मढवायची गरज नसते. मधल्या भागावर तुकडा बसला तरी दाराचा ‘टण्ण’ जाऊन ‘ठप्प’ होतो. बाहेरचा हॉर्न मात्र बहुतेक तसाच ऐकू येतो, आणि पैसे वाया गेले असं गिऱ्हाइकाला वाटतं. दोष शीटचा नाही, नावाचा आहे.

अडवायला वजन लागतं. वस्तुमान दुप्पट केलं तर ढोबळमानाने 6 डेसिबलची घट पदरात पडते, तीही फट नसेल तर. दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) फाटलं असेल तर वर कितीही थर चढवा, उपयोग नाही. शोषणासाठी फोम किंवा तंतूंचं अस्तर लागतं. ते वाऱ्याच्या सुसाट्यावर चालतं, टायरच्या खोल घुमण्यावर फारसं नाही.

या खोल आवाजावरच्या उपायाचं, म्हणजे उलट्या लहरीने आवाज मारण्याचं, पेटंट 1936चं. मोटारीत तो यायला 1990चं दशक उजाडलं. आता विजेच्या गाड्यांनी इंजिनाच्या आवाजाचा पडदा काढून घेतल्यामुळे वारा आणि टायर उघडे पडले आहेत. म्हणून लॅमिनेटेड काचांत आवाज दाबणारा थर येतो, टायरच्या आतही फोम चिकटवतात. आणि याच गाड्यांच्या नव्या मॉडेलांनी कमी वेगात, पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून, बाहेर मुद्दाम आवाज करावा, असा नियम युरोपीय संघात जुलै 2019 पासून आहे.