कणभौतिकी संशोधन : सरकारी निधीचे अग्रक्रम

मूलकणांच्या अभ्यासासाठी ठेवलेला सरकारी पैसा कोणत्या प्रकल्पाला आधी द्यायचा, कोणाला थांबवायचे आणि कोणाला नाही म्हणायचे, हे ठरवण्याची रीत. या विषयाला खाजगी पैसा जवळजवळ मिळत नाही. मोठे यंत्र उभे करायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि एका वेळी जगात अशी एक-दोनच यंत्रे उभी राहतात. निवड चुकली की त्याची झळ पीएचडी करणाऱ्या मुलांच्या सबंध पिढीला बसते. ही रीत सर्वांत काटेकोरपणे अमेरिकेत बसवली गेली, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः तिथले आहे. भारताचा भाग शेवटी येतो.

यादी कशी तयार होते

अमेरिकेत या विषयाचा पैसा दोन दारांतून येतो. मोठे दार ऊर्जा खात्याच्या विज्ञान कार्यालयाचे. तिथल्या उच्च ऊर्जा भौतिकी कार्यक्रमाला अलीकडे वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलर मिळत आले आहेत. दुसरे, लहान दार नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेचे. क्रम लावण्याचे काम १९६७ मध्ये नेमलेल्या हेपॅप या सल्लागार मंडळाची पी-फाइव्ह नावाची उपसमिती करत आली; ते मंडळ २०२५ मध्ये बरखास्त झाले. तिचे २००८, २०१४ आणि २०२३ चे अहवाल महत्त्वाचे आहेत.

समिती बसण्याआधी या विषयातल्या सगळ्या शास्त्रज्ञांची दीर्घ चर्चा होते. अशी पहिली बैठक १९८२ मध्ये कोलोरॅडोतल्या स्नोमास या गावी झाली. पुढे गाव सुटले, नाव राहिले. २०२२ च्या चर्चेची सांगता सिअ‍ॅटलला झाली, तरी तिला ‘स्नोमास’च म्हणतात. तिथे प्रत्येक गट आपला प्रयोग मांडतो, पण क्रम लावला जात नाही, आणि हे मुद्दाम ठेवलेले आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा प्रयोग खाली ढकलायचा आहे असे ठरले, तर मोकळेपणाने कोणी बोलणार नाही. ते कठीण काम नंतर मोजक्या माणसांवर सोपवले जाते.

समितीला मनाजोगती यादी करता येत नाही. सरकार तिला आधीच आकडे देते: निधी इतकाच असेल असे धरा आणि त्यात बसवा. २०२३ मध्ये अशा दोन शक्यता दिल्या होत्या. एकीत कायद्याने मंजूर केलेल्या पहिल्या काही वर्षांनंतर निधी वर्षाला ३ टक्क्यांनी वाढतो, दुसरीत २ टक्क्यांनीच. एक टक्का किरकोळ वाटतो. पण १.२ अब्ज डॉलरपासून निघालो तर दहाव्या वर्षी या दोन वाटांमधले अंतर वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर होते. मधल्या आकाराच्या एका प्रकल्पाचा तेवढा सबंध खर्च असतो. निधी गोठलेला राहिला आणि महागाई ३ टक्के असली, तर दहा वर्षांत त्याच पैशातून होणारे काम पाव हिश्श्याने घटते, आणि ही घट कोणी जाहीर करत नाही.

आलेल्या पैशाचे तीन वाटे पडतात: संशोधन (विद्यापीठांतले गट, विद्यार्थी, सिद्धांताचे काम), चालू यंत्रांचा खर्च (वीज, द्रवरूप हीलियम, देखभाल) आणि नवे बांधकाम. २०१४ च्या समितीने बांधकामाचा वाटा २० ते २५ टक्क्यांपर्यंत न्यावा असे सांगितले. तो वाढवायचा म्हणजे उरलेल्या दोन वाट्यांतूनच काढायचा. जास्त काढला तर यंत्र तयार होते आणि त्यातून येणारी माहिती तपासायला माणूस उरत नाही. कमी काढला तर आजचे यंत्र थकेल तेव्हा पुढचे तयार नसते.

बाहेरच्या वाचकाचा इथे गैरसमज होतो. यादीतला पहिला क्रमांक म्हणजे सर्वांत महत्त्वाचा वैज्ञानिक प्रश्न, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात यादी म्हणजे वेळापत्रक असते. मोठ्या प्रकल्पाचा खर्च उंटाच्या पाठीसारखा असतो: आराखड्याच्या वर्षांत थोडा, बांधकामाच्या मधल्या चार-पाच वर्षांत उंच वशिंड, मग उतार. दोन वशिंडे एकाच वर्षी आली तर गोठलेल्या निधीत ती मावत नाहीत. एकाचा उतार सुरू होताना दुसऱ्याचा चढ यावा, अशी मांडणी समितीला करावी लागते. पहिला प्रकल्प दोन वर्षे रेंगाळला की त्याच्यामागचे सगळे सरकतात.

मंजुरीच्या पायऱ्या

यादीत नाव आले म्हणजे पैसा आला असे नाही. ऊर्जा खात्यात प्रत्येक बांधकामाला सीडी-० ते सीडी-४ अशा पाच निर्णयांतून जावे लागते. सीडी-० ला गरज मान्य होते. सीडी-१ ला पर्याय निवडला जातो आणि खर्चाची खालची-वरची मर्यादा ठरते. सीडी-२ ला खर्च, मुदत आणि यंत्राने काय करून दाखवायचे हे पक्के होते. त्यापुढची वाढ ही अधिकृत चूक धरली जाते. सीडी-३ ला बांधकाम सुरू होते, सीडी-४ ला ते पुरे होते. अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर विजेला विरोध न करणाऱ्या) तारेसारखी उशिरा मिळणारी सामग्री आधी मागवायची असेल तर सीडी-३ए अशी वेगळी परवानगी घेतात.

अंदाजात अडचणींसाठी राखीव रक्कम धरावी लागते. संसदेला आकडा लहान दिसावा म्हणून ती छाटणे ही या व्यवहारातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. शिकागोजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेतून १,३०० किलोमीटर दूर, दक्षिण डाकोटातल्या लीड गावच्या जुन्या सोन्याच्या खाणीत न्यूट्रिनो (जमिनीतून जवळजवळ न अडता जाणारे मूलकण) पाठवणाऱ्या ड्यून प्रकल्पाचा सरकारी खर्च २०१५ मध्ये १.२६ ते १.८६ अब्ज डॉलर धरला होता. पुढे तो तीन अब्जांच्या वर गेला. दीड किलोमीटर खोलीवरून सुमारे ८ लाख टन खडक जुन्याच खाणीच्या विहिरींतून वर काढायचा होता, हे त्या वाढीकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

कुठे बिघडते

न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनमधला इसाबेल हा वेगवर्धक (कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) १९८३ मध्ये मध्येच सोडला गेला. त्याच्या अतिसंवाहक चुंबकांना फार दिवस लागले, तोवर त्याच्याहून मोठ्या यंत्राचा विचार पुढे आला. बोगदा मात्र वाया गेला नाही. त्यातच २००० पासून आरएचआयसी हे यंत्र चालू झाले.

ते मोठे यंत्र म्हणजे टेक्सासमधला एसएससी. ८७ किलोमीटर परिघाचे कडे, कणांच्या प्रत्येक झोताची ऊर्जा २० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे पुढे युरोपच्या सर्न या प्रयोगशाळेने बांधलेल्या एलएचसी या वेगवर्धकाच्या आराखड्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. १९८७ मध्ये खर्च ४.४ अब्ज डॉलर सांगितला होता. मग संगणकावरच्या तपासणीत दिसले की झोत भरण्याच्या काळात चुंबकक्षेत्रातल्या बारीक दोषांमुळे कण कडेला भरकटतील. उपाय म्हणून चुंबकांचे भोक ४ सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटर केले आणि भरण्याची ऊर्जा दुप्पट केली. भोक एका सेंटिमीटरने वाढले की त्याभोवतीची अतिसंवाहक तार वाढते, लोखंड वाढते, थंड ठेवायचे वजन वाढते, आणि हे हजारो चुंबकांना गुणायचे. १९९१ पर्यंत अंदाज ८.२५ अब्जांवर गेला, १९९३ मध्ये ११ अब्जांच्या पुढे. तांत्रिकदृष्ट्या बदल योग्यच होता. तो पैसा मागण्याआधी व्हायला हवा होता.

दुसरे कारण परदेशी भागीदारीचे. बाहेरच्या देशांचा मोठा वाटा हिशेबात धरला होता, पण यंत्र अमेरिकेचे मानचिन्ह म्हणून आधी जाहीर झाले आणि भागीदार नंतर शोधले गेले. जपानने अखेरपर्यंत शब्द दिला नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रतिनिधीगृहाने २८२ विरुद्ध १४३ मतांनी प्रकल्प नाकारला. तोवर सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि २३ किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाला होता. वाचलेला पैसा कणभौतिकीला परत मिळाला नाही. एक यंत्र रद्द केले की त्याचा निधी दुसऱ्या यंत्राला मिळतो, ही समजूत तेव्हापासून या क्षेत्रात कोणी बाळगत नाही.

वार्षिक तरतुदीचा धोका वेगळा असतो. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. अर्थसंकल्प वेळेवर मंजूर झाला नाही तर तात्पुरत्या ठरावावर मागच्या वर्षाच्या दराने पैसा मिळतो आणि नवे काम सहसा सुरू करता येत नाही. डिसेंबर २००७ मध्ये नेमके वर्षाचा पाव भाग उलटल्यावर कपात आली. नियोजित रेषीय वेगवर्धकाच्या पूर्वतयारीचे ६ कोटी डॉलर १.५ कोटींवर आणले गेले, आणि तेवढे त्या तीन महिन्यांत बहुतेक संपलेच होते. नोव्हा या न्यूट्रिनो प्रयोगाचा निधी शून्य झाला. फर्मिलॅबमध्ये कर्मचाऱ्यांना पाळीपाळीने बिनपगारी रजा घ्यावी लागली आणि सुमारे २०० जणांना काढण्याची तयारी झाली. निनावी देणगीदाराचे ५० लाख डॉलर आणि जूनमधली पुरवणी तरतूद यांनी ते संकट टळले. तीच कपात डिसेंबरऐवजी आदल्या उन्हाळ्यात कळली असती तर निम्मे नुकसान झाले नसते.

समितीने वर ठेवलेले कामही अडते. २०२३ च्या यादीत नव्या मोठ्या प्रकल्पांत पहिले नाव सीएमबी-एस४ या विश्वाच्या आदिम प्रारणाच्या वेधाचे होते. २०२४ मध्ये फाउंडेशनने त्याला पुढच्या टप्प्यात नेले नाही: दक्षिण ध्रुवावरच्या तळाच्याच जुन्या सोयी आधी दुरुस्त करायच्या होत्या. यादी प्रयोगाची असते, पण त्याला लागणारे विमान, इंधन आणि निवारा दुसऱ्याच्या खात्यात असतात.

लहान प्रयोगांचे हाल अधिक, कारण मोठ्याची खर्चवाढ भागवायला पहिला हात तिथेच जातो. हे ओळखून २०२३ च्या समितीने त्यांच्यासाठी वर्षाला ३.५ कोटी डॉलरचा वेगळा कप्पा सुचवला. ती त्या अहवालातली सर्वांत शहाणपणाची शिफारस आहे. विद्यार्थी एका प्रयोगाचा आराखडा, जोडणी आणि निष्कर्ष हे सगळे पाच वर्षांत पाहू शकतो, ते अशाच प्रयोगांत.

भारत

भारतात पी-फाइव्हसारखी दर काही वर्षांनी क्रमवार यादी देणारी व्यवस्था नाही. पैसा मुख्यतः अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्याकडून येतो. प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २०३५ पर्यंतचे महाविज्ञान दृष्टिपत्र तयार करून घेतले, पण त्यामागे वर्षागणिक निधीची चौकट नाही.

बाहेरच्या यंत्रांत भारताचा वाटा बहुधा रोख नसतो, वस्तूंच्या रूपात असतो. एलएचसीसाठी १,८०० च्या आसपास अतिसंवाहक सुधारक (झोताची वाट दुरुस्त करणारे) चुंबक आणि चुंबक अचूक जागी बसवणारे सुमारे ७,००० जॅक भारतातून गेले. एलएचसीवरच्या सीएमएस या अभिज्ञातकातला (कणांची नोंद घेणाऱ्या यंत्रातला) बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमापक, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा भाग, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केला. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. फर्मिलॅबच्या पीआयपी-२ या नव्या रेषीय वेगवर्धकासाठी ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचे आणि दिल्लीचे केंद्र भाग बनवतात. या मार्गाने पैसा देशातल्या कारखान्यांत राहतो आणि कारागिरी शिकली जाते. मात्र एक सुटा भाग उशिरा गेला तरी साऱ्या यंत्राची जोडणी थांबते.

देशातल्या मोठ्या प्रयोगाची गोष्ट उलटी आहे. कोलार सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये टाटा संस्थेच्या गटाने ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसह वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदी केल्या. तो वारसा पुढे नेण्यासाठी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराखाली ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा अभिज्ञातक उभा करायचे ठरले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे अमेरिकेत जिथे बहुतेक प्रकल्प अडतात तो अडथळा इथे पार झाला होता. अडले ते प्रदूषण मंडळाच्या संमतीपाशी, हरित लवादापाशी, वन्यजीव परवानगीपाशी आणि राज्य सरकारच्या विरोधापाशी. डोंगर फोडल्याने पाणी व पश्चिम घाट यांना धोका आहे, ही गावकऱ्यांची भीती निधी मागण्याआधी त्यांच्याबरोबर बसून दूर करायला हवी होती. पैसा मंजूर असूनही डोंगराखालचे काम उभे राहिले नाही. या प्रयोगासाठी शिकून तयार झालेली मुले मदुराईत ८५ टनांच्या लहान नमुन्यावर वैश्विक किरणांचे म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) मोजत आली आहेत.