मधमाश्यांतील श्रेणीनिश्चिती आणि एपिजेनेटिक्स

सामाजिक मधमाश्यांच्या वसाहतीत एकाच प्रकारच्या फलित अंड्यापासून राणी किंवा कामकरी माशी घडते. जनुकसंच तोच असताना दोन इतकी निराळी शरीरे कशी तयार होतात, या प्रक्रियेला श्रेणीनिश्चिती म्हणतात. (प्राणिशास्त्रात ‘जाती’ हा शब्द वेगळ्या अर्थाने रूढ असल्याने येथे ‘श्रेणी’ हा शब्द वापरला आहे.) नर अफलित अंड्यातून जन्मतात, त्यामुळे ते या प्रश्नाच्या कक्षेबाहेर राहतात. पुढील विवेचन मुख्यतः युरोपीय मधमाशीविषयी, म्हणजे एपिस मेलिफेराविषयी आहे, कारण बहुतेक प्रयोग तिच्यावरच झाले आहेत.

राणी अंड्यापासून सुमारे 16 दिवसांत बाहेर पडते, कामकरी माशीला 21 दिवस लागतात. राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंडनलिका असतात, कामकरीच्या अंडाशयात साधारण 2 ते 12. राणीच्या पायावर परागकरंडी नसते, मेणग्रंथी नसतात आणि ती काही वर्षे जगते. ऐन हंगामातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे टिकते.

अळी वाढवून राणी करता येते, हे ज्ञान नेमके कोणाचे, याबद्दल एकवाक्यता नाही. निकेल याकोब यांनी 1568 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात वसाहत अंड्यांपासून किंवा अगदी कोवळ्या अळ्यांपासून नवी राणी घडवते असे म्हटले आहे, म्हणून काही इतिहासकार अग्रमान त्यांना देतात. सर्वसाधारणपणे मात्र हा शोध आडाम गोट्लोब शिराख यांच्या नावे नोंदला जातो. त्यांनी 1760 नंतरच्या दशकात राणीविरहित वसाहतींवर पद्धतशीर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. पुढे फ्रांस्वा ह्यूबर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिला पुष्टी दिली. याकोब यांचे विधान निरीक्षणाचे होते आणि शिराख यांचे प्रयोगाचे, हा भेद लक्षात घेतल्यास शिराख यांना श्रेय देणेच अधिक सयुक्तिक ठरते. आजही मधपाळ याच तत्त्वावर राण्या तयार करतात. एक दिवसाची, स्वल्पविरामाएवढी अळी बारीक सुईच्या टोकाने उचलून मेणाच्या पेल्यात ठेवायची आणि तो पेला राणी नसलेल्या वसाहतीत द्यायचा. दाई माश्या पुढचे सारे काम करतात. अळी तीन दिवसांहून मोठी झाली असेल तर पूर्ण राणी मिळत नाही, दोन्ही श्रेणींची लक्षणे मिसळलेली मधली रूपे मिळतात. निर्णायक काळ मर्यादित असल्याचा हा सर्वांत जुना आणि आजही भक्कम पुरावा आहे.

आहार हे मूळ कारण, याविषयी वाद नाही. वाद आहे तो आहारातल्या नेमक्या कशामुळे, याचा. पहिले दोन-तीन दिवस सर्वच अळ्यांना दाई माश्यांच्या अधोग्रसनी व जंभ ग्रंथींचा स्राव मिळतो. पुढे कामकरी अळीच्या वाट्याला मध व पराग मिसळलेले आणि मोजके अन्न येते. राणीच्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली, म्हणजे दाई माश्यांचा हा ग्रंथीस्राव, मिळते, तीही ओसंडून. राणीघराचे तोंड खाली असते. अळी छताशी साठलेल्या दाट, आंबट जेलीच्या थराला चिकटून अधांतरी लोंबते, आणि घराला मेणाचे झाकण लागल्यावरही तिच्यापाशी अन्न उरलेले असते.

राणी घडवणारा एकच जादुई घटक असावा, या समजुतीने विसाव्या शतकात बराच शोध झाला. 2011 मध्ये मासाकी कामाकुरा यांनी तसा घटक सापडल्याचा दावा केला. 40° से. तापमानात 30 दिवस ठेवलेल्या रॉयल जेलीचा प्रभाव नाहीसा होतो, आणि त्याच काळात 57 किलोडाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) वजनाचे एक प्रथिनही विघटित होते, असे त्यांना आढळले. या प्रथिनाला त्यांनी ‘रॉयलॅक्टिन’ हे नाव दिले. 2016 मध्ये आन्या बुटस्टेट व सहकाऱ्यांनी हे प्रथिन न घालताही राण्या तयार होतात असे दाखवून दावा अमान्य केला. कामाकुरा यांनी उत्तर दिले, तरी बहुसंख्य अभ्यासकांचा कल आज बुटस्टेट यांच्या बाजूने दिसतो. त्याच गटाने 2018 मध्ये दाखवले की, हे प्रथिन आम्लयुक्त माध्यमात तंतुमय जाळे तयार करून जेलीला घट्ट ठेवते. म्हणजे त्याचे काम संदेश देण्याचे नसून, अळी खाली पडू नये याची तजवीज करण्याचे असावे. जेलीतील साखरेचे प्रमाण अळीची भूक वाढवते, हे निरीक्षण त्याआधीचे आहे. 2020 मधील प्रयोगशाळेतील प्रयोगांनी अन्नाच्या प्रकारापेक्षा त्याच्या मात्रेला महत्त्व असल्याचे सुचवले. उलट बाजूने, मध व परागातील पी-कूमॅरिक आम्ल अंडाशयांची वाढ खुंटवते, असे 2015 मध्ये मांडले गेले. राणीला काय मिळते याइतकेच तिला काय मिळत नाही हेही पाहिले पाहिजे, हा त्यातील विचार मोलाचा आहे.

अन्नाचा परिणाम शरीरात नेणारे मार्ग बरेचसे उलगडले आहेत. भरपूर पोषणामुळे इन्शुलिनसदृश व टीओआर (पेशीला पोषणाची जाणीव देणारा) हे संदेशमार्ग कार्यरत होतात आणि बाल्यसंप्रेरकाची, म्हणजे कीटकांची वाढ नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकाची, पातळी वाढते. 2007 मध्ये टीओआर मार्ग दाबल्यावर राणीचा आहार मिळालेल्या अळ्यांतही कामकरीची लक्षणे दिसली. याउलट कामकरी अळीला योग्य वेळी बाल्यसंप्रेरक लावल्यास ती राणीकडे झुकते.

येथे एपिजेनेटिक्सचा प्रश्न येतो. कॉनराड वॉडिंग्टन यांनी 1942 मध्ये ही संज्ञा सुचवली तेव्हा तिचा अर्थ व्यापक होता. आज डीएनएचा क्रम न बदलता जनुकांच्या वापरात होणारे टिकाऊ बदल एवढ्याच अर्थाने ती घेतात. मधमाशीत डीएनए मिथिलीकरणाची, म्हणजे डीएनएवर मिथिल गटाच्या रासायनिक खुणा लावण्याची, संपूर्ण यंत्रणा असल्याचे 2006 मध्ये, जनुकसंच वाचला गेला त्याच वर्षी, स्पष्ट झाले. 2008 मध्ये कॅनबेरा येथील रिशार्ड मालेश्का यांच्या गटाने नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्यांत डीएनएमटी-3 हे मिथिलीकरणाचे विकर (एन्झाइम) दाबले. तेव्हा सुमारे 72% माश्या पूर्ण विकसित अंडाशयांसह राणीरूपात बाहेर पडल्या. श्रेणीनिश्चितीच्या इतिहासातील हा सर्वांत गाजलेला प्रयोग आहे.

मात्र पुढची मोजमापे त्याला सरळ दुजोरा देत नाहीत. 2010 मध्ये मेंदूच्या तपासणीत सुमारे 1 कोटी संभाव्य स्थानांपैकी जेमतेम 70,000 मिथिलित आढळली, आणि राणी व कामकरी यांच्यात 550 हून अधिक जनुकांत फरक नोंदला गेला. 2012 मधील दुसऱ्या अभ्यासात नव्याने बाहेर आलेल्या राणी व कामकरी यांच्या मेंदूंत लक्षणीय फरक सापडला नाही. फरक सापडला तो दाई माश्या आणि चारा आणणाऱ्या माश्या यांच्यात. चारा आणणाऱ्या माश्यांना पुन्हा दाईकामाला लावल्यावर तो काही प्रमाणात उलटलाही. पॉलिस्टेस डॉमिन्युला या कागदी गांधीलमाशीत तर डीएनएमटी-3 नाहीच, तरीही तिच्यात श्रेणी आहेत. त्यामुळे मिथिलीकरणाला आद्य कारण मानण्यापेक्षा घेतलेला निर्णय पक्का करणारी एक नोंद मानणे अधिक सुरक्षित वाटते. हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने, यांवरील ऍसिटिल गटाच्या रासायनिक खुणांचा पुरावा तुलनेने जोरकस आहे. रॉयल जेलीतील 10-एचडीए हे मेदाम्ल हिस्टोनवरील ऍसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखते असे 2011 मध्ये दिसले, आणि अळीअवस्थेतच दोन श्रेणींतील या खुणांची मांडणी वेगळी होते असे 2018 मध्ये आढळले.

भुंग्यांमध्ये (बॉम्बस) राणीच्या सान्निध्याचा अळ्यांच्या भवितव्यावर प्रभाव पडतो. डंखहीन माश्यांत अन्न एकदाच भरून घर बंद केले जाते. बहुतेक प्रजातींत राणीघर मोठे असते. फ्रीसिओमेलिट्टा व्हारिया या प्रजातीत अळी शेजारच्या घरात शिरून तिथलेही अन्न खाते आणि राणी होते. मेलिपोना प्रजातीसमूहात मात्र सर्व घरे सारखीच असतात आणि तरीही मादींपैकी एक चतुर्थांशापर्यंत राण्या निघतात. यावरून वॉरविक केर यांनी 1940 च्या दशकात दोन जनुकांवर आधारित आनुवंशिक गृहीतक मांडले. पण बाल्यसंप्रेरक लावल्यावर जवळजवळ साऱ्याच मेलिपोना अळ्या राण्या होतात, म्हणून जनुके येथे एकटी निर्णय घेत नसून त्या संप्रेरकाची उंबरठा-पातळी ठरवत असावीत. गरजेपेक्षा जास्त निघालेल्या राण्यांना कामकरी माश्या मारून टाकतात.