जुलाब झालेल्या मुलाला मीठ किती, साखर किती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. फळांचा रस असो की तयार पेय, कुठल्याही खाद्यपदार्थाच्या नावात 'ओआरएस' (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं ठरावीक प्रमाणातलं पाणी) ही अक्षरं वापरायची नाहीत, असा तो आदेश. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी आठ वर्षं झगडत होत्या. जुलाबाने मलूल झालेल्या लेकराला आईबाप औषध म्हणून ही गोड खोकी पाजत होते. 'साखर थोडी जास्त झाली तर काय बिघडतं?' असं अनेकांना मनापासून वाटतं. पुष्कळ बिघडतं. ते कसं, हे कळायला आतड्याच्या एकाच पेशीत डोकवावं लागेल, आणि ती पेशी इतकी विलक्षण आहे की त्यासाठी थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

आधी एक आकडा. मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. आपण पितो ते पाणी त्यातलं थोडंच. बाकी सगळी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्वतःचे स्राव. यातलं जेमतेम १०० ते २०० मिली शौचातून जातं, उरलेलं आतडं परत शोषून घेतं. जुलाब म्हणजे हा हिशेब बिघडणं. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं की शोष पडायला लागतो आणि एक लिटर गेलं की जिवावर बेततं.

मग नुसतं पाणी पाजून का भागत नाही? कारण पाणी शोषून घेणारा पंप आतड्यात नाहीच. पाणी क्षारांच्या मागे मागे जातं. सोडियम आतड्यातून पेशीत आणि तिथून रक्तात गेलं, तरच त्याच्यामागे पाणी सरकतं. सोडियम आत नेणारे मार्ग दोन-तीन आहेत, पण पटकीच्या (कॉलराच्या) विषाने त्यातला मुख्य मार्ग बंद पडतो. हे विष पेशीतलं चक्रीय एएमपी नावाचं रसायन भरमसाट वाढवतं. त्यामुळे क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात, क्लोराइड बाहेर ओतलं जातं आणि त्याच्यापाठोपाठ सोडियम आणि पाणीही.

पण एक मार्ग विषाच्या तावडीतून सुटतो. एसजीएलटी-१ हे पेशीच्या पडद्यातलं प्रथिन दोन सोडियम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकाच वेळी आत ओढतं. बैलगाडीसारखंच म्हणा ना: दोन सोडियमचे बैल, ग्लुकोज हा प्रवासी, आणि प्रवासी चढल्याशिवाय बैल पाऊल उचलत नाहीत. ही जोडी ओढायला लागणारा जोर पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप पुरवतो. तो दर फेरीला तीन सोडियम रक्ताच्या बाजूला फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणून पेशीत सोडियमची कायम टंचाई असते. सोडियम आणि ग्लुकोज असे जोडीने जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे मांडली.

तिचा सर्वांत मोठा पडताळा आपल्याच देशात झाला. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटायला सांगितलं. पाजणारे रुग्णांचे नातेवाईकच होते. एरवी अशा साथीत तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

आता साखरेकडे येऊ. ओआरएसच्या आजच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल. एकूण परासरणी तीव्रता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या कणांची दाटी, २४५ (मिलिऑस्मोल), म्हणजे रक्तापेक्षा (साधारण २९०) थोडी कमी, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. उलट लिटरला १०० ग्रॅम साखर असलेलं पेय घ्या. आतड्यात साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं की तीव्रता ५८० च्या घरात जाते, रक्ताच्या दुप्पट. मग पाणी उलट्या दिशेने, शरीरातून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

याच गणिताने घरचे उपाय तपासता येतात. मीठ घातलेली तांदळाची पेज मला सर्वांत आवडते. स्टार्चचा एक लांबलचक रेणू द्रवाची तीव्रता फारशी वाढवत नाही, पण पेशीच्या काठावर तुटून ग्लुकोज पुरवत राहतो. मीठ घातलेलं पातळ ताक, वरणाचं पाणी, हेही चांगलं. निव्वळ दूध मात्र काहींना काही दिवस सोसत नाही, कारण आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या बारीक अंकुरांची टोकं झिजली की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं. दह्यात ती बरीचशी आंबून गेलेली असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच नको. त्याला आईचं दूध चालू ठेवायचं आणि ओआरएस द्यायचं.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग लावून भरू नका. पाकीट असेल तर ते किती पाण्याचं आहे ते आधी वाचा, कारण लिटरचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं आणि २०० मिलीचं लहानही मिळतं. अख्खं पाकीट सांगितलेल्या पाण्यात एकदमच टाकायचं. निम्मं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की प्रमाण हुकतं. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजायचं.

'पोटाला विश्रांती द्या, पाजाल तेवढं बाहेर येईल' हा सल्ला घराघरांत मिळतो आणि तो घातक आहे. उपाशी आतडं झिजलेले अंकुर उशिरा भरून काढतं. मेळघाटातून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात, तेव्हा जीव तुटतो. दृष्ट काढल्याने सोडियम परत येत नाही.

सोबत जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी त्या पुऱ्या करायच्या. आणि शौचात रक्त दिसलं, सहा तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू खाली बसली किंवा मूल पाणीही पिईना, तर पेज करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा, आणि शुद्धीवर असेल तर वाटेतही ओआरएस पाजत राहा.