एमजीबीला नागपूरचा मे कळत नाही

सिव्हिल लाइन्समधून जुन्या गाड्यांची रॅली निघाली की कडेच्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "जुन्या इंजिनात दम होता राजेहो, आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबे!"

दमाचा हिशोब करूनच टाकू. १९६२ साली आलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसी, ताकद ९५ अश्वशक्ती, म्हणजे इंजिनाच्या क्षमतेच्या दर लिटरमागे (१००० सीसीमागे) ५३. आजची १२०० सीसीची साधी हॅचबॅक ८० च्या आसपास देते, म्हणजे लिटरमागे ६५ च्या वर. यात कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह असं बरंच काही आलं, पण मला भुरळ आहे ती हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. एमजीबीत हे प्रमाण सांभाळायला दोन एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी यंत्रं, होते. हवेच्या ओढीने कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, वर सरकते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. देखणी रचना, पण हवेचं वजन तिला कळत नाही. नागपुरात जानेवारीतली १० अंशांची पहाट आणि मेमधली ४५ अंशांची दुपार यांत हवेची घनता ११ टक्क्यांनी घटते. सुईच्या त्याच उंचीला आत येणारी हवा घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, पेट्रोल मात्र तेवढंच. मिश्रण साधारण सहा टक्के रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. मिस्त्री जेटचा नट फिरवून देतो. थंडीत पुन्हा फिरवावा लागतो.

आताच्या गाडीत हे काम एक्झॉस्टच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर करतो. त्यात असतं झिर्कोनियम ऑक्साइड, म्हणजे सीताबर्डीवर 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकतात तोच पदार्थ! तीनशे अंशांच्या वर तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसरीकडे धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या तफावतीतून व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल जास्त झालं तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी पडलं तर ०.१. मधली उडी नेमकी १४.७ वर. ती पाहून गाडीतला संगणक इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणारी तोटी, उघडा ठेवण्याचा वेळ मिलिसेकंदाच्या अंशाने कमी-जास्त करतो, आणि ही दुरुस्ती गाडी चालू असेपर्यंत थांबत नाही.

त्यामुळे पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवून देणाऱ्यांना हसून वाटेला लावावं. पेट्रोलवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणाम होतच नाही. बंपरखालच्या लिंबू-मिरचीइतकाच त्याचा उपयोग!

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मात्र हा सेन्सर मुका असतो. तेवढा वेळ संगणक आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवर इंजिन हाकतो. म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर बसवलेला असतो, अगदी नागपूरच्या गाडीतसुद्धा.