लोकेशनची परवानगी: ‘वापरताना’ की ‘नेहमी’?

फोन खिशात आहे, स्क्रीन बंद आहे, तरी धावण्याचं अंतर मोजलं गेलं पाहिजे. म्हणजे ‘नेहमी’चीच परवानगी लागणार, असं ॲप बनवणारे अनेक जण धरून चालतात. ती लागत नाही. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण त्यापायी लोकांकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागितलं जातं.

‘वापरताना’ म्हणजे ॲप डोळ्यांसमोर असताना, एवढाच अर्थ नाही. युजरने ॲप उघडून स्वतः ‘सुरू करा’ दाबलं, की अँड्रॉइडवर फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे युजरला दिसेल असं चालू राहणारं काम, चालू करता येते. नोटिफिकेशन दिसत राहतं आणि स्क्रीन बंद झाली तरी लोकेशन मिळत राहतं. आयफोनवरही ॲपमध्ये बॅकग्राउंड लोकेशनची (ॲप समोर नसतानाही लोकेशन घेण्याची) सोय घातलेली असेल तर हेच होतं. वर निळी खूण दिसते. रस्ता दाखवणं, धाव मोजणं, डिलिव्हरी कुठवर आली ते कळवणं, सगळं यात बसतं.

‘नेहमी’ लागते ती युजरने हातही लावलेला नसताना ॲपने आपणहून जागं व्हायचं असेल तेव्हा. ठरावीक जागेच्या हद्दीत शिरताच आठवण करून देणारं जिओफेन्सिंग घ्या. फरक स्क्रीनचा नाही. काम माणसाने सुरू केलं की ॲपने, याचा आहे. (लोकेशन अचूक हवं की अंदाजे, हा प्रश्न तिसराच.)

मागायची रीतही वेगळी. अँड्रॉइड 11 साठी किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपने दोन्ही परवानग्या एकदम मागितल्या, तर एकही मिळत नाही. आधी ‘वापरताना’ घ्यायची. ‘नेहमी’साठी युजरला सेटिंग्जमध्ये जावं लागतं. दोनदा नकार आला की परवानगी विचारणारा डायलॉग पुन्हा दिसत नाही, म्हणून ॲप उघडताक्षणी विचारू नका.

आयफोनवर आयओएस 13 पासून (2019) पहिल्या डायलॉगमध्ये ‘नेहमी’ हा पर्यायच नसतो. थेट ‘नेहमी’ मागणारं ॲप बॅकग्राउंडमध्ये लोकेशन वापरू लागलं की पुढे कधीतरी सिस्टिम स्वतः विचारते. तेव्हा युजर बहुधा भलतंच काही करत असतो आणि तुमच्या बाजूने बोलायला डायलॉगमधली कारणाची ओळ तेवढी असते. तिथे ‘सेवा सुधारण्यासाठी’ लिहून काय कळणार? ‘घरी पोचताच औषधाची आठवण करून देण्यासाठी’ असं लिहा.