सिक्युरिटी रोल

सिक्युरिटी रोल म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसेल, काय लिहिता येईल, काय खोडता येईल आणि काय मंजूर करता येईल हे ठरवणारा परवानग्यांचा गठ्ठा. हा गठ्ठा माणसाच्या नावानं बांधत नाहीत, कामाच्या नावानं बांधतात. म्हणजे काटा ऑपरेटर, खरेदी, स्टोअर, अकाउंट्स असे रोल आधी तयार करायचे आणि ते काम ज्याच्याकडं असेल त्याच्या लॉगिनला लावायचे, उद्या तो माणूस दुसऱ्या खात्यात गेला की जुना रोल काढायचा न् नवा लावायचा.

ही पद्धत नीट मांडली १९९२ मध्ये, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी. पुढं २००४ मध्ये तिचं रीतसर मानक झालं. तिच्या मुळाशी असलेला विचार त्याहून जुना आहे, ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, हे साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या लेखात लिहून ठेवलंय.

लातूरकडच्या डाळमिलचं उदाहरण घेतलं की सगळं डोळ्यासमोर येतं. जानेवारीत तुरीचा हंगाम, गेटवर गाड्यांची रांग. काट्यावरचा पोरगा भरल्या गाडीचं वजन टाकतो, गाडी खाली झाली की रिकाम्या गाडीचं टाकतो आणि निव्वळ वजनाची पावती निघते. त्याला पावती करता येते पण सेव्ह झालेली पावती बदलता येत नाही, चूक झाली तर सुपरवायझर कारण लिहून ती रद्द करतो आणि नवी निघते. ओलावा तपासणाऱ्याला फक्त ओलाव्याचा आकडा टाकता येतो, भाव खरेदीवाला टाकतो, आणि अकाउंट्सवाल्याला वजन आणि भाव दोन्ही दिसतात पण हात लावता येत नाही, त्यानं फक्त पेमेंट काढायचं. चार माणसं चार ठिकाणी अडली म्हणून मालाच्या पट्टीत गडबड करायला एकटा माणूस पुरत नाही. बँकेत हेच मेकर-चेकर म्हणून चालतं, एकानं भरायचं, दुसऱ्यानं पास करायचं.

प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स या गिऱ्हाईकं आणि विक्री सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करणं, वाचणं, बदलणं, खोडणं, जोडणं, दुसऱ्याच्या नावावर करणं, शेअर करणं अशा परवानग्या सुट्या सुट्या असतात आणि प्रत्येकीला आवाका असतो: फक्त स्वतःच्या नोंदी, आपल्या शाखेच्या, आपल्या आणि खालच्या शाखांच्या, किंवा सगळ्या कंपनीच्या. म्हणजे नांदेडच्या सेल्सवाल्याला स्वतःची गिऱ्हाईकं दिसतील, तिथल्या मॅनेजरला नांदेडची सगळी, आणि संभाजीनगरच्या हेड ऑफिसला सगळ्यांची. इथं एक गोष्ट लोक हमखास चुकतात. एकाच माणसाला दोन रोल लावले तर परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही, म्हणून मोठा रोल तसाच ठेवून वर छोटा रोल लावला तर काहीच आखडत नाही, आधी मोठा काढावा लागतो.

सॅप या मोठ्या कंपन्यांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रोल पीएफसीजी नावाच्या स्क्रीनवर बनतात. शिफ्टमधून फोन येतो, "साहेब, एंट्री होईना गेली", तेव्हा त्या माणसाला एसयू५३ नावाची स्क्रीन उघडायला सांगायचं, कुठली परवानगी कमी पडली ते तिथं लिहिलेलं असतं, तेवढीच द्यायची. घाईत सरसकट सगळे अधिकार देऊन मोकळं व्हायची सवय मात्र फार वाईट, कारण दिलेलं परत काढायला कोणी येत नाही. टॅलीतही मालक आणि डेटा एंट्री असे वेगळे युजर करता येतात, तरी मी पाहिलेल्या कितीतरी दुकानांत एकच पासवर्ड सगळ्यांना पाठ असतो.

त्याचा तोटा कायद्याच्या बाजूनंही होतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवावी लागते आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. पण पाच जण एकाच लॉगिननं काम करत असतील तर ती नोंद कोणाकडं बोट दाखवणार?

मालक लोक म्हणतात, आमच्या पोरांवर आमचा विश्वास आहे, रोल-बिल कशाला. माझं म्हणणं असं की रोल त्या पोरांसाठीच आहेत. मी काम केलेल्या एका कारखान्यात अकाउंट्सचा मुलगा आधी स्टोअरला होता, मग खरेदीला, प्रत्येक बदलीत नवा रोल मिळत गेला आणि जुना कोणी काढला नाही. एके दिवशी सप्लायरच्या नावानं मेल आला की आमचं बँक खातं बदललंय. त्यानं खातं बदललं आणि पेमेंटही त्यानंच काढलं, दोन्ही अधिकार त्याच्याच हातात होते. मेल खोटा निघाला. मुलगा प्रामाणिक, पण दोन महिने सगळे त्याच्याकडं संशयानं बघत होते, घरी जाऊन तो जेवायचा पण नाही. खातं बदलायला दुसऱ्याची मंजुरी लागली असती तर त्या दुसऱ्यानं सप्लायरला एक फोन केला असता.

म्हणून रोल बनवण्यापेक्षा काढण्याचं काम मोठं. दर तिमाहीला कोणाकडं कुठला रोल आहे याची यादी छापून खातेप्रमुखाच्या हातात द्यावी आणि प्रत्येक नावासमोर 'हवा' किंवा 'नको' लिहून घ्यावं. त्या प्रकारानंतर तिथं नोकरी सोडणाऱ्याच्या नो-ड्यूज फॉर्मवर हेल्मेट, बूट, आयकार्ड यांच्या खाली एक ओळ वाढवली, लॉगिन बंद केलं, आणि त्या ओळीवर आयटीवाल्याची सही झाल्याशिवाय फॉर्म पुढच्या टेबलावर जात नाही.