होक्काइदोचे कोल्हे माणसाला भ्यायचे का थांबले: थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडचे लोक आता जपानला बरेच जायला लागलेत आणि त्यातले काही वर होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटापर्यंत पोचतात, त्यामुळे एक टाइपचं रील अधूनमधून फिरत असतं. गाडी रस्त्याकडेला थांबलेली, काचेपलीकडे केशरी रंगाचा झुपकेदार शेपटीवाला कोल्हा, बसलाय शांत, पळायचं नाव नाही. खाली कमेंट्स ठरलेल्या, किती क्यूट, किती माणसाळलेला, पाळता येतो का वगैरे. हा आपल्या उसातला कोल्हा नाही, रेड फॉक्स आहे, तिकडे त्याला किता-कित्सुने म्हणतात. आणि तो पाळीव तर अजिबातच नाहीये. जंगली जनावर असं रस्त्यावर येऊन का बसतं याच्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात कोल्ह्यानं स्वतःहून फार काही केलेलं नाही, जे केलं ते माणसांनी.

१८६९ नंतर जपान सरकारनं होक्काइदोत वसाहत करायला जोरात सुरुवात केली. घोड्यांची, गुरांची फार्म्स आली, लांडगे शिंगरांवर पडायला लागले, मग एडविन डन नावाच्या अमेरिकन सल्लागाराच्या देखरेखीखाली स्ट्रिक्निनचं विष घातलेलं मांस टाकण्यात आलं आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत तिथला लांडगा संपला. कोल्हा उरला. पण त्याचं कातडं महाग, त्यामुळे माणूस दिसला की पळायचं हे त्या काळच्या कोल्ह्याला वेगळं शिकवायला लागत नसणार.

त्याच कातड्यापायी पुढची भानगड झाली. होक्काइदोच्या वायव्येला रेबुन नावाचं छोटं बेट आहे. तिथं रानउंदीर फार झाले होते, झाडं खायचे, तर १९२४ ते १९२६ च्या दरम्यान होक्काइदोच्या ईशान्येकडच्या कुरील बेटांपैकी शिमुशिर बेटावरून कोल्ह्यांच्या बारा जोड्या आणून तिथं सोडल्या. उंदीरही खातील आणि कातडीही मिळतील, एका दगडात दोन पक्षी. पण त्या कोल्ह्यांच्या पोटात एक बारीकशी टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी होती, एकिनोकॉकस. तिचं चक्र असं की उंदराच्या लिव्हरमध्ये तिची अळी वाढते, कोल्हा उंदीर खातो, कोल्ह्याच्या आतड्यात ती मोठी होते, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती परत उंदराच्या पोटात जातात. माणूस या चक्रात चुकून सापडतो, न धुतलेली रानभाजी, ओढ्याचं पाणी, कोल्ह्याला हात लावून तोच हात तोंडात, असं काहीही. मग माणसाच्या लिव्हरमध्ये ती गाठ हळूहळू, अगदी दहा-पंधरा वर्षं, काही त्रास न देता वाढत राहते आणि कळतं तेव्हा ऑपरेशनशिवाय फारसं काही हातात उरत नाही. १९३६-३७ च्या सुमाराला रेबुनच्या रहिवाशामध्ये पहिला पेशंट सापडला आणि नंतर त्या छोट्याशा बेटावर शंभराहून जास्त लोक निघाले. शेवटी बेटावरचे कोल्हे आणि कुत्रे दोन्ही संपवले तेव्हा तिथली साखळी तुटली.

सगळ्यांना वाटलं प्रकरण मिटलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर होक्काइदोच्या मुख्य बेटाच्या पार पूर्वेला, नेमुरोकडे, परत पेशंट सापडायला लागले. तिथं ही कृमी बहुतेक कुरील बेटांकडूनच कोल्ह्यांबरोबर आली, हिवाळ्यात समुद्रावर बर्फ येतं त्यावरून. आणि मग ती हळूहळू पश्चिमेकडे सरकत गेली, १९९० च्या दशकापर्यंत अख्ख्या होक्काइदोत पसरली. हा पसरण्याचा काळ लक्षात ठेवा, कारण नेमक्या याच वर्षांत बाकीच्या जपानला कोल्ह्याचं भयंकर प्रेम यायला लागलं होतं.

त्या प्रेमाचं कारण लोक इनारी या भाताच्या देवाच्या देवळांमध्ये शोधतात, तिथं दारात दगडी कोल्हे असतात, लोक तळलेला टोफू ठेवतात वगैरे. मला ते फारसं पटत नाही. देवळापुढे ठेवणं वेगळं आणि चालत्या गाडीतून चिप्स टाकणं वेगळं, आणि देवळं तर शेकडो वर्षं होतीच की. माझ्या मते खरा फरक सिनेमा-टीव्हीनं पडला. १९७८ साली होक्काइदोच्या कोल्ह्याच्या कुटुंबावरचा एक सिनेमा आला, बर्फ, पिल्लं, आईबाप, तो तुफान चालला. आणि १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये फुजी टीव्हीवर होक्काइदोतल्या फुरानोत राहायला आलेल्या एका कुटुंबाची मालिका सुरू झाली, त्यातली छोटी मुलगी कोल्ह्याला खायला घालते आणि 'रू-रू-रू-रू' असा आवाज काढून बोलावते. तो कोल्हा पुढे सापळ्यात सापडतो, पाय गमावतो, लोक टीव्हीसमोर रडले. त्यानंतर होक्काइदोला जायचं, कोल्हा दिसला की रू-रू-रू करायचं आणि हातात असेल ते खायला टाकायचं हे पर्यटकांच्या अंगवळणी पडलं. आजही बाकीच्या जपानातला मध्यमवयीन माणूस कोल्हा बघून तो आवाज काढेल.

आता रस्त्याकडे येऊ, कारण नुसत्या टीव्हीनं काही झालं नसतं. होक्काइदोच्या ईशान्य टोकाला शिरेतोको द्वीपकल्प आहे, १९६४ पासून नॅशनल पार्क, २००५ पासून जागतिक वारसा स्थळ. १९८० साली उतोरो ते राउसु असा डोंगर ओलांडणारा रस्ता सुरू झाला, साधारण २७ किलोमीटर, वरची खिंड ७३८ मीटरवर, हिवाळ्यात बर्फामुळे बंद. म्हणजे रस्ता १९८० चा आणि मालिका १९८१ ची! टूर बसेस, भाड्याच्या गाड्या, उन्हाळ्यात रांगा. आणि कोल्ह्याचं कॅलेंडर असं की पिल्लं वसंतात जन्मतात, मे महिन्याच्या आसपास बिळाबाहेर यायला लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये आजूबाजूला हिंडून खाणं शोधायला शिकतात. पर्यटकांचा सीझनही नेमका तोच. म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत पिल्लानं उंदीर कसा पकडायचा, टोळ कुठे मिळतात, नदीकाठी काय वाहून येतं हे शिकायचं, त्याच महिन्यांत आई रस्त्याकडेला बसून ब्रेड मिळवतेय हे ते बघतं.

भीती जाण्याची प्रक्रिया तशी साधी आहे. जनावराचं माणसापासून एक अंतर ठरलेलं असतं, त्याच्या आत कोणी आलं की पळायचं. माणूस रोज दिसला आणि काहीच वाईट झालं नाही तर ते अंतर कमी होत जातं, एवढ्यावर थांबलं तर फार बिघडत नाही, शहरातले कित्येक प्राणी-पक्षी असेच राहतात. पण माणूस दिसला की खायला मिळतं हे एकदा जुळलं की कोल्हा नुसता पळायचा थांबत नाही, तो जवळ यायला लागतो, गाडीचा वेग कमी झालेला आवाज ओळखतो, कुठल्या वळणावर बस थांबते हे त्याला पाठ होतं. आपल्याकडे माथेरानला माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात, तसंच. १९९० च्या दशकात शिरेतोकोतल्या या भीक मागणाऱ्या कोल्ह्यांवर जपानी संशोधकांनी रीतसर अभ्यास केले, तोवर त्यांना 'कांको-गित्सुने', म्हणजे पर्यटनवाले कोल्हे, असं नावच पडलं होतं.

इथं एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण हे कोल्हेही तसेच माणसाळलेत म्हणत दर वेळी कोणीतरी तो रशियन प्रयोग आणतंच. १९५९ साली दिमित्री बेल्यायेव यांनी नोवोसिबिर्स्कमध्ये फर फार्मवरच्या कोल्ह्यांपासून माणसाळलेले कोल्हे तयार करायला घेतलं, पुढे ल्युदमिला त्रुत यांनी ते काम कित्येक दशकं चालवलं, आणि तिथं थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारे, हात चाटणारे कोल्हे झाले हे खरं. पण ते प्रत्येक पिढीतले सगळ्यात शांत असे थोडेच निवडून, फक्त त्यांच्यातच ब्रीडिंग करून. आणि मुळात ते कोल्हे कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या फर फार्म्सच्या वंशातले, म्हणजे पिंजऱ्यातली कित्येक वर्षं आधीच गाठीशी होती. शिरेतोकोच्या कोल्ह्यांत असलं काही झालेलं नाही. तो जन्मतो तेव्हा त्याच्या आजोबाइतकाच जंगली असतो, रस्त्यावर बसणं तो शिकतो. त्यामुळे खायला देणं बंद झालं की पुढच्या पिढ्यांत हे ओसरू शकतं, ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू म्हणजे जो बसलाय तो प्रेमळ नाहीये, हात पुढे केला आणि हातात काही नसलं तर चावू शकतो.

कोल्ह्याला यातून काय मिळालं? गाड्या. रस्त्यावर थांबायची सवय लागली की गाडीखाली मरायची शक्यता वाढणारच, त्यासाठी अभ्यास लागत नाही. एका ठिकाणी सहज खाणं मिळालं की तिथं कोल्हे दाटीनं राहतात, एकमेकांच्या जवळ येतात, आणि १९९० च्या दशकात होक्काइदोत खरूज आली तेव्हा कोल्ह्यांची संख्या बऱ्याच भागांत खाली आली. खरजेला पर्यटक जबाबदार असं मी म्हणणार नाही, ती माइट्सनी, म्हणजे कातडीतल्या बारीक किड्यांनी होते आणि खायला न मिळणाऱ्या कोल्ह्यांनाही होते, पण दाटी असली की ती पटापट पसरते. शिवाय हिवाळ्याआधी खिंड बंद होते, गाड्या थांबतात, आणि पहिल्याच हिवाळ्यात शिरणाऱ्या पिल्लाचा अर्धा अभ्यासक्रम बाद.

आणि स्थानिक लोकांचं उलटं झालं. होक्काइदोत वाढलेल्या मुलांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की कोल्ह्याला हात लावायचा नाही, ओढ्याचं पाणी तसंच प्यायचं नाही, रानभाज्या धुवायच्या, बाहेरून आलं की हात धुवायचे. गावोगावी रक्ततपासणीची सोय असते. तिथल्या कोल्ह्यांपैकी साधारण ४० टक्क्यांच्या पोटात ही कृमी सापडते आणि दरवर्षी वीसएक नवीन पेशंट नोंदले जातात. म्हणजे एकाच रस्त्यावर टोकियोहून आलेला माणूस काच खाली करून रू-रू-रू करतोय आणि मागच्या गाडीतला स्थानिक माणूस कपाळाला हात लावून बसलाय. कोल्ह्याची माणसाबद्दलची भीती जशी कमी होत गेली तशी तिथल्या माणसाची कोल्ह्याबद्दलची भीती वाढत गेली, आणि दोन्ही गोष्टी साधारण त्याच तीस वर्षांत घडल्या.

तरी खायला घालू नका हे लोकांच्या डोक्यात शिरलं ते कोल्ह्यामुळे नाहीच, अस्वलामुळे. १९९७ साली शिरेतोकोत आईपासून नुकतं वेगळं झालेलं एक तरुण अस्वल रस्त्याजवळ दिसायला लागलं, कोणा पर्यटकानं त्याला सॉसेज टाकलं. ते माणसाला भ्यायचं बंद झालं, मग गावात यायला लागलं, आणि १९९८ च्या वसंतात शाळेजवळ हरणाचं मढं खात असताना त्याला गोळी घालावी लागली. शिरेतोकोच्या संस्थेनं ही गोष्ट पत्रकावर छापली, अस्वलाचं नावच सॉसेज पडलं, आणि अजून ती पर्यटकांना वाचायला देतात. कोल्ह्यानं माणूस मारला असता तर कायदे लवकर झाले असते असं वाटतं कधीकधी, त्याचं नुकसान दहा-पंधरा वर्षांनी लिव्हरमध्ये दिसतं, त्याची बातमी होत नाही.

कायदा आला तो २०२१ मध्ये. नॅशनल पार्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि एप्रिल २०२२ पासून लागू झाली, पार्कच्या ठरावीक भागांत जंगली प्राण्यांना खायला घालणं किंवा फार जवळ जाऊन छळणं यावर बंदी, सांगूनही ऐकलं नाही तर तीन लाख येनपर्यंत दंड. म्हणजे रस्ता झाल्यावर चाळीस वर्षांनी. तोपर्यंत फलक, पत्रकं आणि रेंजरची विनंती एवढंच होतं. आता फोननं परत सगळं अवघड करून ठेवलंय, कारण जवळचा फोटो हवा असतो आणि कोल्हा जवळ यायचा एकच खात्रीचा उपाय आहे. त्यात १९९० पासून मियागी प्रांतात झाओचं फॉक्स व्हिलेज आहे, तिथं कोल्ह्यांना खायला टाकायची ठरावीक जागा असते. ते बंदिस्त आवारातले कोल्हे, पण ते बघून आलेल्या माणसाला शिरेतोकोच्या रस्त्यावर हा फरक लक्षात राहत असेल असं नाही.

हे फक्त जपानचं नाही हेही सांगून टाकतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर पार्कच्या पार्किंगमध्ये कॅस्केड रेड फॉक्स असाच गाड्यांजवळ येतो, आणि ती उपजात २०२२ मध्ये त्या राज्यानं एन्डेंजर्ड यादीत टाकली. तिथं एकेक कोल्हा मोलाचा, आणि तोच पार्किंगमध्ये चिप्ससाठी फिरतोय.

होक्काइदोत आता कृमीवरचा उपायही खाण्यातूनच चाललाय. १९९० च्या दशकाच्या शेवटी कोशिमिझु भागात संशोधकांनी प्राझिक्वांटेल नावाचं जंताचं औषध घातलेली आमिषं कोल्ह्यांच्या बिळांजवळ टाकायला सुरुवात केली, कोल्ह्यांमधली लागण खाली आली, मग इतर काही गावांनी ते उचललं. एकदा टाकून भागत नाही, उंदरांत अळ्या असतातच, त्यामुळे बर्फ नसलेल्या महिन्यांत परत परत टाकावं लागतं आणि त्याला पैसे लागतात. मधे पैसे संपले तर कोल्हा परत उंदीर खातो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू.